चावी खिशात होती

उद्यमनगरात आमच्या दारासमोर
ऑइल इंजिनं हेड काढून, तोंड वासून पडलेली असायची.
इंजिन म्हणजे डिझेल, एवढंच मला ठाऊक.
ठिणगी लागत नाही, नुसता दाब पुरतो.
घरातही तसंच होतं.

उजळाईवाडीच्या हँगरात मी म्हणालो, "आलो मिस्त्री,"
तर पुण्याचा इन्स्पेक्टर हसला:
मुलगी असून आलो?
दस्तगीर शिकलगार म्हणाले, "हितल्या पोरी असंच बोलतात सायेब,"
आणि काउलिंग उघडलं.

चार सिलिंडर. दोन इकडं, दोन तिकडं,
अंगभर पातळ फण्या.
पाणी नाही, रेडिएटर नाही.
"वाऱ्यावर गार होतंय हे.
एका जाग्याला उभं ठेवलंस तर तापतंय,
रिकाम्या माणसागत."

मग पंखाखाली वाकून टाकीतलं पेट्रोल काढलं,
निळं, दौत विसळलेल्या पाण्यासारखं.
बाटली उजेडात धरली. तळाशी एक थेंब,
बिनरंगी, स्वतःच्या कडा सांभाळून बसलेला.
"पाणी. टाकी अर्धी ठेवली कुणीतरी.
उरलेल्या अर्ध्यात रात्र शिरली."

श्रावणात मानेवरून घाम वाहत असताना
त्यांनी शिकवलं की आत्ता, अशा हवेत,
कार्बुरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो.
मी हसलो. ते नाही हसले.
गरम हवेची मूठ ओढायची.
इंजिन आधी जास्तच खोकतं, वितळलेलं पाणी गिळतं,
मग मोकळं होतं.
त्या खोकल्याला भिऊन मूठ परत ढकलणारे
पुष्कळ असतात म्हणे.

बॅटरी मेली तरी हे चालू राहतं.
दोन मॅग्नेटो, दर सिलिंडरला दोन प्लग,
ठिणगीसाठी कुणाच्या दारात जायचं नाही.
ब्रेक दाबून सतराशे फेरे. चावी उजवीवर:
सत्तर उतरले. चालतंय.
डावीवर: अडीचशे. खुर्चीतून पाठीत शिरलेली थरथर.
तशीच चालवून बंद करायला लावलं,
आणि ते तांब्या घेऊन पुढं गेले.
एकेका नळीवर बोटानं एकेक थेंब.
चर्र.
चर्र.
चर्र.
चौथा थेंब नुसता बसून राहिला.
"हा मुका."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा हात नीट बघितला.
अंगठा, आणि दोनच बोटं.

"बंद म्हणजे काय, सांग."
वीज तोडायची.
"घरात तोडतात. हितं जोडतात.
मॅग्नेटोला माती द्यायची.
तार इंजिनाच्या अंगाला टेकली की ठिणगी मुरते.
ती तार तुटली,
तर चावी बंद आणि इंजिन जित्तं.
वाट बघत बसतंय. कुणीतरी पंखा हलवंल म्हणून."

बराच वेळ ते पान्याला लागलेलं ग्रीस पुसत होते.
"सत्त्याऐंशी साल. दुसरं गाव.
पंखा आडवा करायला हात लावला नुसता.
चावी माझ्या खिशात होती."

आता रोज संध्याकाळी, फेरे अगदी कमी करून,
मी चावी क्षणभर बंदवर नेतो.
आवाज तुटतो,
जिन्यात एक पायरी नसावी तसा.
लगेच परत आणतो. म्हणजे तार शाबूत.
हँगरच्या कोपऱ्यात चहा पीत पाठमोरे उभे असतात ते,
त्या तुटण्यावर मान हलवतात.
मग मी लाल मूठ ओढतो,
पेट्रोल तुटतं, ठिणगी शेवटपर्यंत पडत राहते,
जाळायला काही उरत नाही, आणि पंखा थांबतो.

चावी खुंटीला. माती पोचलेली.
गोकुळ शिरगावची सहाची शिफ्ट सुटल्याचा भोंगा.
तरीही दोघं
पंख्याला लांबून वळसा घालून जातो,
बसलेल्या बैलाच्या शिंगांना घालतात तसा.